‘कसा आहे हो सिनेमा?’

वेलिंग्टन (न्यूझीलंड) : व्यक्ती तितक्या प्रकृती, ही म्हण पटवून घ्यायची असेल तर खेळ सुटायच्या वेळी चित्रगृहाच्या दाराशी दहा मिनिटे उभे राहावे. एकाच काळोखात, एकाच पडद्यासमोर अडीच तास बसलेली माणसे बाहेर येतात ती जणू वेगवेगळे चित्रपट पाहून. एकाचे डोळे पाणावलेले असतात, दुसरा “पैसे पाण्यात गेले” म्हणून कुरकुरत असतो, तिसरा गाणे गुणगुणत असतो आणि चौथ्याला मध्यंतरानंतर छान झोप लागलेली असते! मुंबई-पुण्याकडे हे दृश्य दर शुक्रवारचे. इथे वेलिंग्टनला मराठी मंडळी मोजकी आणि भारतीय चित्रपटांचे खेळही मोजके, तेव्हा हा मतांचा बाजारही लहानच. पण लहान म्हणून तो क्षुल्लक आहे असे मात्र समजू नये. गाव जितके लहान, तितके एकेका प्रेक्षकाच्या शब्दाला वजन अधिक.

सूर्य आधी, सिनेमाही आधी

न्यूझीलंडचे घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे चालते आणि उन्हाळी वेळ लागू झाली की साडेसात तास पुढे. एखादा मोठा हिंदी चित्रपट जगभर एकाच तारखेला लागला आणि इथल्या कुणी रजा टाकून दुपारी एकचा खेळ गाठला, तर त्या वेळी मुंबईत सकाळचे साडेसहा, आणि उन्हाळी वेळेत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तो बाहेर पडतो तेव्हा दादरच्या घरात सकाळचा चहा चाललेला असतो. मग पुण्याहून मावशीचा, ठाण्याहून मेहुण्याचा फोन येतो : “तुम्ही पाहिलात ना? कसा आहे हो सिनेमा? तिकिटे काढू का?” आपण सहज तोंडातून काढलेले “ठीक आहे” किंवा “अजिबात जाऊ नका” हे दोन शब्द दुपारपर्यंत वीस घरी पोचलेले असतात. जगाच्या एका टोकाला राहण्याचा एवढा तरी मान आपल्याला मिळाला आहे!

वेलिंग्टन हे सिनेमाचे गाव आहे यात शंका नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये या शहराला ‘चित्रपटनगरी’ म्हणून मान्यता दिली. कोर्टनी प्लेसच्या टोकाला १९२४ पासून उभ्या असलेल्या एम्बसी चित्रगृहात १ डिसेंबर २००३ रोजी पीटर जॅक्सन यांच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या चित्रपटाचा जगातला पहिला खेळ झाला, तेव्हा रस्त्यावर माणसांचा पूर लोटला होता. पण भूकंपाने इथल्या पडद्यांनाही सोडले नाही. नोव्हेंबर २०१६ च्या धक्क्यानंतर लोअर हटच्या क्वीन्सगेटमधले चित्रगृह पाडावे लागले. कोर्टनी सेंट्रलमधले बहुपडदा चित्रगृह जानेवारी २०१९ मध्ये इमारतीच्या सुरक्षिततेच्या कारणावरून बंद झाले. पडदे कमी झाले की भारतीय चित्रपटाच्या वाट्याला येणारे खेळ आणखी कमी होतात. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या तर दुसरा आठवडा, नाहीतर रामराम! आणि खुर्च्या भरतात त्या आधी पाहून आलेल्यांच्या बोलण्यावर.

प्रेक्षक हाच पंच

प्रेक्षकांच्या तोंडी प्रसिद्धीची ही परंपरा आपल्याकडे बोलपटाइतकीच जुनी आहे. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला आणि ५७ आठवडे चालला. आजच्यासारखी दिवसरात्र जाहिरात तेव्हा नव्हती. पाहून आलेला माणूस घरी सांगे, घरचे शेजारी सांगत आणि शेजारी गावी पत्र लिहीत. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ मासिक निघाले. बाबूरावांच्या लेखणीला भलेभले निर्माते भीत, आणि वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली झणझणीत उत्तरे लोक आधी वाचत.

पुढे प्रेक्षकांच्या आवडीची मोजदादही सुरू झाली. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कुठले गाणे कितव्या पायरीवर हे ठरवताना तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोत्यांच्या मंडळांची पसंतीही धरली जाई. १९५४ साली ‘फिल्मफेअर’ची पहिली पारितोषिके दिली गेली, तेव्हा विजेते निवडले होते वाचकांनी, मतपत्रिका भरून. म्हणजे ‘दहापैकी किती?’ हा प्रश्न काही आजचा नाही.

जाणकारांचा अंदाज आणि प्रेक्षकांचा कौल यांची गाठ पडतेच असेही नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला, तेव्हा चित्रव्यवसायातल्या अनेकांनी पहिल्या काही दिवसांतच तो पडल्याचे जाहीर केले होते. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षांवर चालला. त्याच वर्षी अगदी थोड्या खर्चात काढलेल्या ‘जय संतोषी माँ’ने गर्दीचे विक्रम केले; चपला बाहेर काढून बायाबापड्या चित्रगृहात शिरत. अलीकडचे उदाहरण केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’चे. जून २०२३ च्या अखेरीस हा मराठी चित्रपट लागला. बायका पाहून आल्या, त्यांनी बहिणींना, जावांना, भिशीतल्या मैत्रिणींना सांगितले, आणि दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्या आठवड्यापेक्षा मोठा झाला. एरवी चित्रपटाचे गणित बरोबर याच्या उलटे असते.

सहा गुण म्हणजे नेमके काय?

आता मत सांगायचे म्हणजे आकडा सांगायचा, अशी रीत पडली आहे. कोणी पाचपैकी तारे देतो, कोणी दहापैकी गुण. पण या आकड्यांत एक गंमत आहे, ती प्रत्येक प्रेक्षकाने ध्यानात घ्यावी.

समजा, दहा जणांनी एक चित्रपट पाहिला आणि दहाही जणांनी दहापैकी सहा गुण दिले. सरासरी सहा. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी दहापैकी दहा दिले आणि पाच जणांनी दोनच. बेरीज साठ, सरासरी पुन्हा सहाच! पहिला चित्रपट सर्वांना ‘बरा’ वाटला. दुसरा निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी पायदळी तुडवला. आकडा मात्र तोच. तुमची आवड त्या पहिल्या पाच जणांशी जुळत असेल, तर दुसरा चित्रपट चुकवणे तुमचे नुकसान ठरेल.

मोजण्याच्या रीतीही निरनिराळ्या. १९९० मध्ये सुरू झालेल्या आयएमडीबीवर प्रेक्षक एक ते दहा गुण देतात. पण तिथे दिसणारा आकडा साधी सरासरी नसून सर्व मतांना सारखेच वजन न देता काढलेला असतो, कारण नटाचे भक्त आणि वैरी दोघेही टोळीने मते टाकतात. १९९८ पासूनचे रॉटन टोमॅटोज शेकड्यात सांगते, पण ते गुण नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांना चित्रपट पसंत पडला एवढेच त्यातून कळते. वरच्या उदाहरणातले ‘सहा’ म्हणजे पसंती धरली, तर पहिल्या चित्रपटाला इथे शंभर टक्के मिळतील आणि दुसऱ्याला पन्नास! अमेरिकेत १९७९ पासून सिनेमास्कोर ही संस्था पहिल्याच दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती कार्ड देऊन श्रेणी लिहून घेते. तिथे भेटतात ते हौसेने पहिल्या दिवशी आलेले लोक, म्हणून श्रेणी सहसा सढळच असते. तात्पर्य, आकडा कुणी दिला आणि कसा काढला हे कळल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

आणखी एका घोटाळ्याकडे लक्ष वेधायला हवे. जाहिरातीवरचा ‘पीजी’, ‘एम’ किंवा ‘आर१६’ हा शिक्का म्हणजे सुद्धा ‘रेटिंग’च, पण ते कायद्याचे, आवडीचे नव्हे. चित्रपट कोणी पाहावा एवढेच तो सांगतो. हिरवा शिक्का सर्वांसाठी, पिवळा जपून, आणि लाल असेल तर त्या वयाखालच्या मुलाला आईबापांबरोबरही प्रवेश नाही (‘आरपी’ने सुरू होणाऱ्या लाल शिक्क्याला मोठ्या माणसाच्या सोबतीची सवलत आहे). चित्रपट चांगला की वाईट हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ते आपणच एकमेकांना सांगायचे असते.

आपल्या माणसांचा चित्रपट

खरी परीक्षा असते ती मराठी चित्रपटाच्या वेळी. हिंदी चित्रपट व्यापारी मंडळी आणतात. मराठी चित्रपट परदेशातल्या लहान गावी येतो तो बहुधा चार हौशी माणसांच्या खटपटीने. चित्रगृह भाड्याने घ्यायचे, वितरकाला ठरलेली रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा द्यायचा, इथल्या कायद्याप्रमाणे वयाचा शिक्का मिळवायचा, आणि हे सारे एका, फार तर दोन खेळांसाठी! खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तूट भरून काढायची ती पदरमोड करून.

अशा वेळी खेळ संपल्यावर दाराशी तीच मंडळी हसतमुखाने उभी असतात आणि विचारतात, “कसा वाटला?” आपण काय म्हणतो? “छान! फारच छान!” मनातून कंटाळलेलो असलो तरी म्हणतो. चित्रपटाला नावे ठेवली तर त्यांच्या कष्टांना नावे ठेवल्यासारखे होईल अशी भीड वाटते. ‘आपला मराठी आहे, आपणच नाही वाखाणला तर कोण वाखाणणार?’ असेही वाटते. भावना चांगली आहे, पण तिचा परिणाम चांगला होत नाही. आपल्या ‘फारच छान’वर विश्वास ठेवून पोरिरुआचे एक कुटुंब, कापिटीचे दुसरे, पुढच्या खेळाला येते. तिकिटे, पेट्रोल, वाऱ्यापावसात येणे-जाणे, लहानग्यांची रडारड. चित्रपट सुमार निघाला की ती मंडळी घरी जाताना एकच गोष्ट ठरवतात : पुन्हा यांच्या सांगण्यावर जायचे नाही. मग खरोखरच उत्तम चित्रपट येतो, आपण जीव तोडून सांगतो, आणि कोणी येत नाही. ‘लांडगा आला रे आला’ची ही गोष्ट आहे. खोट्या स्तुतीची किंमत पुढचा चांगला चित्रपट मोजतो.

याच्या उलट जातीचे लोकही आहेत. ते चित्रपट न पाहताच निकाल देतात. “मराठीत काय असणार?” किंवा “महिन्याभरात घरच्या पडद्यावर येईलच की!” अशा एका वाक्याने ते दहा जणांचा बेत मोडतात. न चाखता आमटी अळणी म्हणण्यासारखेच हे. भिडेखातर स्तुती करणारा आणि न पाहता मोडता घालणारा, दोघेही मराठी चित्रपटाचा रस्ता सारखाच अडवतात. आयोजकांचे आभार मनापासून मानावे, पुढच्या खेळाला खुर्च्या लावू लागावे, आणि चित्रपटाबद्दल मात्र खरे तेच बोलावे. या दोन गोष्टी एकाच तोंडाने करता येतात.

मत द्यावे ते असे

खरे बोलायचे म्हणजे फटकळ बोलायचे असे नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला हा चित्रपट २०१५ मध्ये चित्रगृहांत आला तेव्हा कोणी भारावून गेले, कोणी चुळबुळत राहिले. “रटाळ आहे” एवढेच म्हणणाऱ्याने काहीच सांगितले नाही. “चाल संथ आहे, कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, करमणूक हवी असेल तर जाऊ नका, पण आपल्या न्यायालयांतल्या तारखांवर तारखा अशा खऱ्याखुऱ्या मी पडद्यावर पाहिल्या नव्हत्या” असे म्हणणाऱ्याने सर्व काही सांगितले. ऐकणारा आपले आपण ठरवू शकतो.

पाहिल्यावाचून बोलू नये, आणि अर्ध्यातून उठलो असू तर तेही सांगावे. ‘छान’ आणि ‘भंगार’ यांच्यापुढे ‘कारण’ हा शब्द जोडावा. कथा, अभिनय, संगीत, लांबी, एकेका वाक्यात भागते. चित्रपट कोणासाठी आहे हे तर जरूर सांगावे. आजी कंटाळतील का, दहा वर्षांचा मुलगा घाबरेल का? इथे वाढलेल्या मुलांसाठी आणि शेजारच्या किवी मित्रांसाठी इंग्रजी सबटायटल्स आहेत का, आणि ती वाचता येण्याजोगी आहेत का? हा प्रश्न मुंबईच्या समीक्षकाला सुचणार नाही. तो आपल्यालाच सुचायला हवा. शेवट मात्र कधीही फोडू नये. रहस्यपटाचा खुनी कोण हे फोनवर सांगणारा नातेवाईक हा त्या खुन्याहून मोठा गुन्हेगार!

आयोजक मंडळींनाही एक सुचवावेसे वाटते. खेळ सुटताना दाराशी चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवावा. चिठ्ठीवर नाव नको. दहापैकी गुण आणि एक ओळ कारण, बस्स. तोंडावर बोलायची भीड चिठ्ठीला नसते. दहा-बारा खेळांच्या चिठ्ठ्या जमल्या की आपल्या गावाला काय रुचते, कुठली वेळ सोयीची पडते, पुढचा चित्रपट कोणता आणावा, हे आपोआप कळेल. वितरकाशी बोलतानाही “लोकांना आवडला” या मोघम वाक्यापेक्षा भरलेल्या साठ चिठ्ठ्या अधिक उपयोगी पडतील.

वाचकहो, थोड्याच दिवसांत पुन्हा एखादा मराठी चित्रपट इकडे येईल. थंडी असेल, दक्षिणेचा वारा असेल, घरातला पडदा “बैस इथेच” म्हणून खुणावत असेल. तरी जा. पाहा. आणि कोणी विचारले, “कसा आहे हो सिनेमा?” तर दोन क्षण थांबून खरे उत्तर द्या. त्या उत्तरावर कोणाची तरी शनिवारची संध्याकाळ अवलंबून असते, आणि कदाचित त्याच्या पुढच्या चित्रपटाचे येणेही.