किलोने घ्या, नगाने विका: रेडीतून जुन्या पार्टचा धंदा



रेडी म्हटलं की कुणाला गणपती आठवतो, कुणाला खाणी. मला आठवतं लोखंड. इथल्या डोंगरातून लोहखनिज निघालं, बंदरातून बाहेर गेलं. आणि लोखंडच टिपर, रिक्षा, स्कूटर होऊन परत येतं आणि शेवटी गॅरेजमागे गंजत पडतं. मग भंगारवाला येतो आणि सगळं एका भावात तोलून नेतो.

आपला धंदा आहे या तोलण्याच्या आधी.

रेडी, शिरोडा, वेंगुर्ले, आरोंदा इथली गॅरेजं फिरून बघा. कोपऱ्यात बदललेल्या पार्टचा ढीग असतोच. मेस्त्रीला त्याची अडचणच वाटते. "व्हरा, जागा तरी मोकळी जातली," असं ऐकायला मिळेल. तेरेखोलच्या पलीकडे गोवा. तिथे पर्यटकांना भाड्याने दिलेल्या स्कूटर रोज आपटतात. आरसे, पॅनल, लाईट यांना तिकडे कायम मागणी.

आता एक उदाहरण घेऊ. गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. भंगारात त्याची किंमत म्हणजे आतलं तांबं आणि बाकीचं लोखंड. पण तोच सेल्फ चालू असेल, तर ज्याची रिक्षा सकाळी सुरू होत नाही त्याला तो कित्येक पटीने मोलाचा. मारुती ८०० सारख्या गाडीचं उत्पादन तर २०१४ मध्येच थांबलं, पण गाड्या अजून धावतायत. मग मेस्त्री स्वतः का विकत नाही? कारण तपासायला वेळ नाही आणि खात्री द्यायची तयारी नाही. तुम्ही नेमकं तेच विकायचं.

मी स्वतः एकदा फसलोय. जुना अल्टरनेटर घेतला, दुकानदार म्हणाला "एकदम चालू". तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरली. भांडायला गेलो नाही, पण त्या दुकानात पुन्हा पायही ठेवला नाही. खरं तर तपासणी साधी होती. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जिंग होतंय. हे गिऱ्हाइकासमोर करा. सेल्फही समोर बॅटरी लावून फिरवून दाखवा. प्रत्येक नगावर पार्ट नंबर आणि गाडीचं मॉडेल लिहून ठेवा, नाहीतर आपलाही ढीगच होतो.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे: खारी हवा. तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो, लोखंड पावसाळ्यात महिन्याभरात लाल होतं. ग्रीस लावा, माल जमिनीवर ठेवू नका. शेड आधी, बोर्ड नंतर.

काही वस्तूंना हात लावू नका. ब्रेक लायनर, स्टिअरिंगचे जॉइंट, सीटबेल्ट, एअरबॅग जुने विकायचे नाहीत. तिथे माणसाचा जीव आहे. बॅटरी फोडून शिसं काढायचं नाही, ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायची. उलट पेट्रोल गाडीचा सायलेन्सर तोलायच्या आधी थांबा. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. लोखंडाच्या भावात तो देणं म्हणजे वेडेपणा.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण धंदा इथेच बुडतो. अख्खी गाडी स्वतः तोडू नका. २०२१ च्या नियमांनुसार ते काम नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचं आहे. सुटा पार्ट घेताना वहीत तारीख, गाडी नंबर, देणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. रात्री कुणी स्वस्तात सायलेन्सर आणून दिला, तर नाही म्हणा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तशी शंका यायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उरलेलं धातूचं भंगार मोठ्या व्यापाऱ्याला विकताना जीएसटीचंही विचारा. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्याकडून भंगार घेतलं की कर नोंदणीकृत खरेदीदारालाच भरावा लागतो. तो भाव पाडून सांगणार, हे धरूनच हिशेब करा.

सुरुवातीला सगळ्या गाड्या घेऊ नका. या आठवड्यात पाच मेस्त्रींना एकच प्रश्न विचारा: "कुठल्या पार्टसाठी गिऱ्हाईक सगळ्यात जास्त दिवस थांबतं?" उत्तरं वहीत लिहा. जे नाव तीनदा येईल, त्या पार्टपासून सुरू करा.