पडद्यावरच्या थट्टामस्करीतून बोलकी इंग्रजी
भंडारदऱ्याला 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण, त्यामागचा आर्थर लेक आणि अंब्रेला फॉल ही इंग्रजी नावे तिथल्या बोलीत केव्हाच मुरली आहेत. परंतु काजव्यांच्या हंगामात आलेल्या परदेशी पाहुण्याशी चार वाक्ये बोलायला ती पुरत नाहीत.

शालेय इंग्रजीही तिथे अपुरी पडते, कारण ती पूर्ण वाक्यांची, तर बोलण्यातली तुटक आणि सुरावर चालणारी असते; म्हणूनच 1994 ते 2004 या काळातील ‘फ्रेंड्स’सारख्या प्रसंगविनोदी मालिकेतली, म्हणजे ठरावीक पात्रांच्या रोजच्या प्रसंगांतून हसवणाऱ्या मालिकेतली, नटांची थट्टामस्करी शिकणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. मराठीत बहुतेक अक्षरांना जवळपास सारखा वेळ मिळतो, इंग्रजीत मात्र आघाताचे, म्हणजे जोर दिलेले, अक्षर ठळक उच्चारून बाकीची गिळली जातात, त्यामुळे ‘गोइंग टू’चे ‘गोना’ होते. ‘ओह, ग्रेट’ हे कौतुक की चिडवणे, हेही सुरावरूनच उमगते. असा संवाद थांबवून, पडद्याखाली उमटणारी इंग्रजी उपशीर्षके वाचून आणि नटापाठोपाठ तोच मोठ्याने म्हणून कानात व जिभेवर बसतो.

1977 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘माइंड युअर लँग्वेज’ या मालिकेने भाषेच्या वर्गालाच विनोदाचा विषय केले, पण परकीयांच्या उच्चारांना हसणारा असा विनोद शिकणाऱ्याची जीभ अडखळवतो, हा त्यातला खरा दोष. गौरी शिंदे यांच्या 2012 सालच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या चित्रपटात पुण्याची गृहिणी शशी गोडबोले घरच्यांच्या अशाच हसण्याने मिटून गेलेली असते; मात्र न्यूयॉर्कमधल्या चार आठवड्यांच्या वर्गात सहाध्यायांसोबत हसत आणि रात्री इंग्रजी चित्रपट पाहत ती बोलू लागते.