अर्थावाचूनचे गाणे

ज्वालामुखी आणि हिमनद्या यांच्या शेजारात राहणाऱ्या आइसलँडची वस्ती जेमतेम चार लाखांच्या आसपास. तेथील रेक्याविक शहरात १९९४ साली काही तरुणांनी एक वाद्यवृंद काढला. गायक योन्सी याला नुकतीच बहीण झाली होती. तिच्याच नावाचे दोन तुकडे करून वृंदाचे नाव ठेवले ‘सिगुर रोस’!

२००२ साली या मंडळींनी जी ध्वनिमुद्रिका काढली तिला नावच नव्हते. मुखपृष्ठावर नुसता रिकामा कंस. गाणी आठ, तीही बेनाव. सोबतची पुस्तिका कोरी. ऐकणाऱ्याला जो अर्थ वाटेल तो त्याने तीत लिहावा. गाण्यांची भाषाही कोणत्या देशाची नव्हे. ‘वोनलेन्स्का’ म्हणजे आशेची बोली असे नाव मिळालेली नुसती अक्षरे. आठव्या गाण्याला वादक आपसात ‘पॉप गाणे’ म्हणतात. ही थट्टाच, कारण ते जवळजवळ पावणेबारा मिनिटे चालते!

आमच्या घरी यावर तट पडले. “शब्द नाहीत, मग गाणे कसले?” इति सौभाग्यवती. मी तराण्याचा दाखला दिला. “तराणा ऐकताना कुणी बंद दाराआड बोलतेय असे वाटत नाही,” त्या म्हणाल्या. मला तर तीच त्या गाण्याची खूण वाटते. योन्सी गिटारवर चेलोचा गज फिरवतो. त्या लांबट, गहिवरल्या नादावर त्याचा उंच आवाज तरंगत राहतो. तीच स्वरपंक्ती पुन्हा पुन्हा येते. घाई कुठेच नाही. ऐकणाऱ्याचा जीव मात्र कासावीस होतो. मग ओर्री दिरासन याचे ड्रम चढू लागतात, आणि अखेरच्या काही मिनिटांत बांध फुटावा तसे सारे कोसळते.

गेल्या वर्षी माझे थोरले बंधू गेले. भेटीला येणाऱ्यांनी पुष्कळ समजावले, गीतेतले दाखले दिले. सगळ्यांची माया खरी होती; पण शब्द कानाशीच थांबत. पंधराव्या दिवशी रात्री हे गाणे लावले. त्यात कुणी मला काही समजावीत नव्हते. दादा गेल्यापासून मी प्रथम रडलो तो त्या रात्री. पुस्तिकेचे एक पान तेव्हापासून कोरे राहिलेले नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात या वृंदाने आपल्या देशात गावोगाव फुकट कार्यक्रम केले. त्यावरचा ‘हेमा’ हा चित्रपट २००७ साली आला. ‘हेमा’ म्हणजे ‘घरी’; आपल्याकडचे मुलीचे नाव नव्हे! त्याचा शेवट याच गाण्याने होतो. जरूर पाहावा. मात्र शेवटचा कल्लोळ तेवढा ऐकू म्हणून गाणे पुढे सरकवू नये. आधीची आठ मिनिटे सोसली नाहीत, तर तो नुसता गोंगाट वाटेल, आणि शेजारी दार ठोठावतील ते वेगळेच.