पुनरारंभ आणि नोंदींचे सातत्य

तिवसा तालुक्यातील एखाद्या शेताच्या सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे, एवढे कळल्याने त्या जमिनीच्या मालकीचा इतिहास कळत नाही. ते नाव कोणत्या क्रमाने आले, हे फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना 6, सांगते. निष्पत्ती आणि तिची कारणपरंपरा यांतील हाच भेद संगणकाच्या सुरक्षेतही महत्त्वाचा ठरतो.

संगणक सुरू होताना त्यातील मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, पुढे चालवावयाच्या प्रत्येक घटकाचा गणिती ठसा काढते व तो टी. पी. एम. या सुरक्षा-चिपमधील नोंदकात मिळवते. जुने मूल्य आणि नवा ठसा जोडून त्यांचा पुन्हा ठसा काढावयाचा, अशी ही रीत होय. त्यामुळे शा-256 पद्धतीत घटना कितीही घडल्या तरी नोंदकात अखेर 32 बाइटांचे एकच मूल्य उरते. त्यावरून घटना उलगडत नाहीत. म्हणून त्यांची सविस्तर यादी साध्या स्मृतीत ठेवावी लागते. परीक्षक यादीवरून तोच हिशेब पुन्हा करतो. उत्तर चिपमधील मूल्याशी जुळले, तरच यादी ग्राह्य.

अडचण येते ती लिनक्समधील 'केक्सेक' या सोयीमुळे. यात कार्यप्रणालीचा चालू गाभा, म्हणजे कर्नल, फर्मवेअरला वगळून थेट दुसऱ्या कर्नलकडे सूत्रे देतो. मोठ्या सर्व्हरवर यामुळे पुष्कळ वेळ वाचतो. परंतु आरंभीच्या मोजणीची मूल्ये चिपमध्ये तशीच राहतात. यादी नव्याने देणारे फर्मवेअर मात्र मध्ये नसते.

ई. एफ. आय. पद्धतीच्या यंत्रांवर हा दोष 2024 मध्ये स्पष्ट झाला. यादी ज्या स्मृतिखंडात ठेवली जाई, तो नव्या कर्नलला मोकळा भासे. त्यावर दुसरेच काही लिहिले जाऊन यादी बिघडे. यादी 'ए. सी. पी. आय. रिक्लेम' या वर्गातील स्मृतीत ठेवावी, हा उपाय योजण्यात आला. कारण ही स्मृती कर्नल सर्वसाधारण वापरासाठी घेत नाही. कर्नलची स्वतःची मोजणी-यादी, आय. एम. ए., हिच्यासाठी मात्र निराळा मार्ग आहे: जुना कर्नल ती नव्याच्या हाती सोपवितो. पॉवर यंत्रांसाठी ही सोय लिनक्स 4.10 मध्ये, 2017 साली, आली.

यादी नष्ट झाली म्हणजे यंत्र दूषित झाले, असे नव्हे. परंतु निर्दोष यंत्रालाही मग आपला निर्दोषपणा सिद्ध करता येत नाही.