मुलगी शिकायला बाहेरगावी, घर चामोर्शीत. आरोग्य विमा कोणता घ्याल?

गडचिरोली : बारावीनंतर चामोर्शीतली मुलं नागपूर, पुणे, काही जण हैदराबाद गाठतात. फी, होस्टेल, मेस सगळ्याचा हिशेब होतो. दवाखान्याच्या बिलाचा हिशेब मात्र भरती करायची वेळ आल्यावरच आठवतो.

आधी रेशनकार्ड काढा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. २०१२ मध्ये ही योजना आधीच्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. पण रक्कम अख्ख्या घराची मिळून असते, उपचार ठरलेले असतात आणि रुग्णालय योजनेतलंच लागतं. मुलगा परराज्यात असेल तर आयुष्मान भारतच्या यादीत त्याचं नाव आहे का, हे १४५५५ वर विचारा; ती योजना देशभर चालते.

कॉलेज फीसोबत घेतलेला विमा बहुतेक वेळा फक्त अपघाताचा असतो. डेंग्यू, मलेरियाला तो कामाचा नाही.

वेगळी पॉलिसी की आईवडिलांसोबत?

फॅमिली फ्लोटरमध्ये अवलंबून असलेलं मूल साधारण २५ वर्षांपर्यंत राहतं. मात्र फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. वडील पंचावन्नचे, त्यात बीपी-शुगर असेल, तर विद्यार्थ्याच्या नावाने ५ लाखांची स्वतंत्र पॉलिसी घेणं आम्हाला जास्त व्यवहार्य वाटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

सिकलसेल असेल तर लपवू नका

आपल्या भागात खरी अडचण इथे आहे. फॉर्म भरताना 'हे लिहू नका, पॉलिसी अडकेल' असं सांगणारा एजंट भेटू शकतो. ऐकू नका. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी उघड झाला की पैसे नाकारले जातात, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

वाहक असणं आणि आजार असणं वेगळं, त्यामुळे तपासणीचा रिपोर्ट जसा आहे तसाच जोडा. कंपनी नकार देऊ शकते, हे खरं. पण स्वीकारलं तर एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. म्हणजे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेली, खंड न पडता चालू ठेवलेली पॉलिसी चौथ्या वर्षी त्या आजारालाही लागू होते. तिसऱ्या वर्षी घेतली, तर डिग्री हातात येईपर्यंत प्रतीक्षाच. नकार आलाच तर फुले योजनेचं कार्ड आधी तयार हवं.

नवीन पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना सहसा संरक्षण नसतं. म्हणून पावसाळ्याआधीच घेतलेली बरी. साध्या तापाची ओपीडी आणि गोळ्या बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. त्यासाठी २४ तास भरती लागते.

खोलीभाड्याची मर्यादा वाचाच. मर्यादा दिवसाला ३ हजार आणि खोली ६ हजारांची घेतली, तर डॉक्टर फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही निम्म्याने कापले जाऊ शकतात. एका आकड्यामुळे अख्खं बिल बदलतं.

पॉलिसी हातात आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांत परत करता येते.