सरवा वेचणारी रूथ : निसर्गचित्रातली बायबलकथा कशी पाहावी?

सतराव्या शतकातल्या युरोपीय कलाशैलीला बरोक म्हणतात. त्या काळच्या अनेक निसर्गचित्रांत झाडे-डोंगर ऐसपैस पसरलेले असतात आणि बायबलमधली माणसे मात्र लहानशी. मग आपण गोंधळतो : हे चित्र निसर्गाचे की गोष्टीचे? निकोला पुसाँ या रोममध्ये राहिलेल्या फ्रेंच चित्रकाराचे ‘उन्हाळा’ हे चित्र घेऊन पायरीपायरीने पाहू. १६६० ते १६६४ या काळात त्याने चार ऋतूंची चार चित्रे रंगवली, त्यांतले हे एक. चारही चित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

आधी चार पावले मागे सरावे. माणसे ओळखण्याची घाई करू नये; बहुतेकांचे इथेच चुकते. डावीकडे मोठे झाड आहे, मधोमध पिकलेल्या गव्हाची सोनेरी भिंत उभी आहे.

मग नजर दूर न्यावी. पुढचे रंग गडद, मागचे डोंगर फिके आणि निळसर. याला वातावरणीय यथार्थदर्शन म्हणतात. म्हणजे मधल्या हवेमुळे दूरच्या वस्तू पुसट दिसतात, तसे रंगवणे. हे रूथच्या गोष्टीतल्या बेथलेहेम गावाचे हुबेहूब दृश्य समजू नये. पुसाँ निसर्गाचे निरीक्षण करी, पण चित्राची जुळणी आपल्या चित्रशाळेत बसून करी.

आता कामाची माणसे पाहावीत. गव्हाच्या कडेने कापणी चालली आहे. उजवीकडे घोडे पिकावर फिरवून मळणी सुरू आहे. हे घोडे रोममधल्या टायटसच्या कमानीवर कोरलेल्या रथाच्या घोड्यांची आठवण देतात.

शेवटी पुढच्या तिघांकडे यावे. गुडघे टेकलेली रूथ, हात पुढे केलेला बवाज आणि भाला धरलेला सेवक. रूथ परक्या मोआब देशातली विधवा. सासू नामीला एकटी न सोडता ती बेथलेहेमला आली आणि पोटासाठी सरवा वेचू लागली; म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेली कणसे गोळा करू लागली. गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सरवा रानातच सोडावा, असा तिथला धर्मनियम होता. बवाज शेताचा मालक. तिला अडवू नका, उलट पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम टाका, असे तो गड्यांना सांगतो. पुढे दोघांचे लग्न होते आणि दावीद राजा त्यांचा पणतू ठरतो.

दुसरी मोठी चूक इथे होते : गोष्ट कळली, की आपण पुढच्या चित्राकडे वळतो. तसे न करता पुन्हा गव्हाकडे पाहावे. विधवेची भूक, मालकाची माया, उद्याचे घर, सगळे त्या पिकात आहे. गहू झाकून पाहिला, तर तीन माणसे उरतात. पण रूथने काय मागितले आणि बवाजाने काय दिले, ते कळत नाही.