मार्कचं शुभवर्तमान नेमकं कुठे संपतं?

परवा वसईत शेजारच्या मावशींकडे बसलो होतो. त्यांचं बायबल मार्कच्या सोळाव्या अध्यायावर उघडं होतं. नवव्या वचनाआधी कंस सुरू होत होता.

"हा कंस कशाला रे?"

जुन्या हस्तलिखितांचा मला नाद आहे, म्हणून इथेही सांगतो.

कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस ही चौथ्या शतकातली ग्रीक हस्तलिखितं. दोन्हींत मार्क आठव्या वचनावरच थांबतो. रिकामी कबर पाहून बायका थरथरत पळतात, भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. बस्स. पुढची 12 वचनं तिथे नाहीत.

माझ्यासारखा श्रद्धा नसलेला माणूस लगेच विचारतो, ही कुणी जोडली? पुढे ग्रीक भाषेची ठेवणही बदलते. बहुतेक अभ्यासक ही नंतरची भर मानतात, त्यांत श्रद्धावानही पुष्कळ आहेत.

मावशींना त्याचं काही वाटलं नाही. 25 एप्रिलला, संत मार्कच्या सणाला, मिस्सात याच भागाचं वाचन होतं. चर्चने ते पिढ्यान्‌पिढ्या पवित्र शास्त्र म्हणून वाचलं, त्यांच्यासाठी ते मोठं.

मग आठव्या वचनावर बोट ठेवून म्हणाल्या, "घाबरल्या बिचाऱ्या. मीपण घाबरले असते."

ग्रीकमध्ये ते वचन 'गार' या कारणदर्शक शब्दावर संपतं. इतकी वर्षं मी त्या शब्दापाशीच अडलो होतो. त्या बायकांची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली.

तुमच्याकडच्या मराठी बायबलमध्ये इथे कंस किंवा तळटीप आहे का? पाहून सांगा. हस्तलिखितांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.